नाद विरायच्या आत

पाणी नाचत होतं. त्यात वाद घालायला जागाच नव्हती, कारण ते सगळ्यांच्या अंगावर उडत होतं.

तांब्याची भुकटी बनवणाऱ्या त्या छोट्या कारखान्याच्या अंगणात मधोमध एक टेबल मांडलं होतं. टेबलावर दोन कानांचं रुंद पितळी भांडं होतं आणि भांड्यामागे पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले नादगुरू. त्यांनी तळवे ओले केले आणि भांड्याच्या दोन्ही कानांवरून मागेपुढे फिरवायला सुरुवात केली. आधी बारीकसा घुमारा उठला. मग तो असा चढला की बघणाऱ्यांचे दात शिवशिवले, आणि पाण्यातून चार ठिकाणी तुषार उसळू लागले. खाली ना शेगडी, ना विस्तव. पाणी थंडगार. पुढच्या रांगेतल्यांनी बोट बुडवून तशी खात्रीही करून घेतली, आणि ते बोट नंतर डोळ्यांना लावलं.

"बघा, पाणी जागं झालं," नादगुरू म्हणाले. "तुम्ही-आम्ही पितो ते झोपलेलं पाणी. झोपलेलं पाणी झोपलेल्या शरीरात जातं आणि दोघं मिळून घोरत पडतात. त्यालाच डॉक्टर लोक आजार म्हणतात, कारण त्यांना घोरणं ऐकू येत नाही. अहो, विश्वात आहे काय? कंपन. गुडघा दुखतो, कंपन. सून बोलत नाही, कंपन. मोटार बंद पडते, कंपन."

"मोटार बंद पडली की कंपनही बंद पडतं," मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं.

कोणीतरी म्हणजे पुरावेसाहेब. हे त्यांचं आडनाव नव्हे. 'आज जरा उकडतंय' असं कोणी म्हणालं तरी 'पुरावा काय?' असं विचारण्याची त्यांची ख्याती होती, आणि त्या ख्यातीला कंटाळून कारखान्यातल्या मंडळींनी त्यांना हे नाव बहाल केलं होतं. ते कारखान्याचे रसायनतज्ज्ञ. मालक त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे दाजी. सुट्टीच्या दिवशी पुरावेसाहेब 'चमत्कारांची चिरफाड' या विषयावर व्याख्यान देत. व्याख्यान इतकं मुद्देसूद असे की शेवटी सभागृहात फक्त मुद्देच उरत.

नादगुरूंना बोलावलं होतं दाजींनी, कारखान्याची कंपनं तपासायला. कारण भुकटी बिघडली होती. खरं तर बिघडली नव्हती, गिऱ्हाईक बदललं होतं. नवं गिऱ्हाईक तांब्याच्या भुकटीची शाई करून विजेच्या सर्किटांच्या केसाएवढ्या रेघा छापायचं. त्याला भुकटी हवी होती अशी बारीक, की ग्लासभर पाण्यात टाकली तर तासन् तास तरंगत राहावी. पुरावेसाहेबांची भुकटी चहा निवायच्या आत तळाशी जाऊन बसायची.

पुरावेसाहेब गर्दीतून वाट काढत टेबलापाशी गेले. हात ओले केले, भांड्याचे कान घासले. घुमारा उठला, पाणी नाचलं.

"बघितलंत?" ते म्हणाले. "ओला हात घासला की भांडं थरथरतं, भांडं थरथरलं की पाणी उडतं. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरवतात, तसंच. एवढंच आहे हे. चला, आता कामाला लागा."

भट्टीवरचा माणूस आदराने म्हणाला, "म्हणजे साहेब, शक्ती तुमच्याही हातात आहे."

नादगुरू प्रेमाने हसले. "आहेच. फक्त मान्य करत नाहीत."

कुठे थांबावं हे कळणं ही मोठी विद्या आहे. ती पुरावेसाहेबांच्या अभ्यासक्रमात नव्हती. ते म्हणाले, "पाणी जागं झालंय ना? मग या जाग्या पाण्याने माझी भुकटी बारीक करून दाखवा. मी स्वतः मोजतो. झाली तर तसं लिहून देतो."

दाजींनी ताबडतोब टाळ्या वाजवल्या.

भुकटीची रीत अशी होती. मोरचुदाचं, म्हणजे तांब्याच्या क्षाराचं, निळं पाणी गरम करायचं. त्यात थोडा डिंक विरघळवायचा, म्हणजे तांब्याचे कण एकमेकांना चिकटून गोळे होत नाहीत. दुसऱ्या भांड्यात व्हिटॅमिन सी, तेच आंबट गोळ्यांतलं, साध्या पाण्यात विरघळवायचं. हे आंबट पाणी निळ्या पाण्यात सोडलं की निळ्याचं हिरवं होतं, हिरव्याचं पिवळं, मग नारिंगी, आणि शेवटी तांबं भुकटीच्या रूपात खाली येतं. भिंतीवर पुरावेसाहेबांच्या सुवाच्य अक्षरात पाटी होती: 'घाई नको. थेंब थेंब सोडा.' आंबट पाणी बारीक तोटीतून थेंबाथेंबाने सोडायला अर्धी पाळी जायची. तेवढ्या वेळात पुरावेसाहेब हातात हात गुंफून भांड्याभोवती फेऱ्या मारत. दाजी त्याला प्रदक्षिणा म्हणत, आणि पुरावेसाहेबांना राग येई.

नादगुरूंनी एकच अट घातली. "आंबट पाणी माझ्या जाग्या पाण्यात करा. मी नाद धरतो. नाद विरायच्या आत ते सगळं आत गेलं पाहिजे. नाद विरला की पाणी परत झोपलं, मग मला बोल लावायचा नाही."

पुरावेसाहेबांनी सगळी काळजी घेतली. दोन सारखी भांडी घेतली. मोरचूद एकाच पोत्यातलं, डिंक एकाच डब्यातला, आच तेवढीच. एका भांड्यात नेहमीच्या पाण्याने नेहमीच्या पद्धतीने काम केलं. दुसऱ्यात जागं पाणी नाद विरायच्या आत सोडलं. लबाडीला कुठे फटही राहिली नाही, याचा त्यांना इतका आनंद झाला की निकालाआधीच त्यांनी पुढच्या व्याख्यानाचं पहिलं वाक्य मनात तयार केलं.

साध्या पाण्याची भुकटी गुलाबी, चकचकीत, वाळूसारखी निघाली. जाग्या पाण्याची निघाली चॉकलेटी, मऊ, बोटावर घेतली तर पावडरीसारखी पसरणारी. पाण्यात ढवळली तर ग्लासात चॉकलेटचं दूध भरल्यासारखी दिसली, आणि पुरावेसाहेब घरी जायला निघाले तेव्हाही तशीच तरंगत होती.

त्यांनी कणांची मापं घेतली. यंत्र पुसून पुन्हा घेतली. यंत्राच्या कंपनीला फोन करून यंत्र वेडं होऊ शकतं का, असंही विचारलं. पलीकडच्या मुलीने, "सर, यंत्र नाही होत," असं सांगून नम्रपणे फोन ठेवला.

ज्या गोष्टीवर सही करावीशी वाटत नव्हती ती खरी होती, आणि खऱ्यावर सही न करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांनी सही केली. महिना उलटायच्या आत त्यांचा आलेख माणसाच्या उंचीएवढा होऊन नादगुरूंच्या पाठीमागे फलकावर झळकू लागला. वर लिहिलं होतं: 'शास्त्रज्ञाचाच पुरावा'. खाली त्यांचा फोटो होता, कुठल्याशा व्याख्यानातला, तोंड उघडं असलेला. इतक्या लोकांनी त्यांना आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं.

इथवर सगळी त्यांचीच फजिती होती, आणि फजितीची त्यांना सवय होती. पण मग ताईने गोळी सोडली.

ताई म्हणजे त्यांची बहीण, दाजींची बायको. तिची थायरॉईडची ग्रंथी मंद चालायची. रोज सकाळी उठल्याउठल्या एक गोळी, बस. गोळी चालू असताना ताई घर, माहेर आणि अर्धा कारखाना चालवायची. आता ती गोळीच्या जागी ग्लासभर जागं पाणी पीत होती.

पुरावेसाहेब गेले तेव्हा ती भर दुपारी स्वेटर घालून खुर्चीत बसली होती. चेहरा भरलेला, डोळ्यांखाली सूज, आवाज घोगरा.

"ताई, गोळी का बंद केलीस?"

"अरे, विष बाहेर पडतंय," ताई सावकाश म्हणाली. तिचं सगळंच सावकाश झालं होतं. "शेजारची म्हणाली, तुमच्या चेहऱ्यावर तेज आलंय."

"ती सूज आहे."

"पुरावा काय?"

लहानपणापासूनचा हिशेब चुकता केल्यासारखं ती हसली, आणि हसतानाही दमली.

"डॉक्टरांना विचारलंस?"

"ते म्हणाले, गोळी आजच्या आज सुरू करा. नाहीतर मला सरळ भरती करतील. त्यांना काय, ते गोळ्याच विकायला बसलेत. तू तर नाही ना विकायला बसलास? तूच मोजलंस. तूच सही केलीस. मी दुसऱ्या कोणाचं ऐकलेलंच नाही. लहानपणी मला भुताची भीती वाटायची, तेव्हा तूच कंदील घेऊन पुढे जायचास. मी आत्ताही तुझ्याच मागून चाललेय."

"पण तांब्याची भुकटी वेगळी, माणूस वेगळा."

"तांबं सुधारतं, मग मी काय तांब्यापेक्षा निगरगट्ट आहे?" असं म्हणून ताईने डोळे मिटले, आणि वाक्य संपायच्या आत तिला झोप लागली. पुरावेसाहेबांनी तिचा हात हातात घेतला. तो गार होता. नाडी इतकी निवांत चालली होती की ते घाबरले.

घरी बायको वह्या तपासत बसली होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची. विद्यार्थी बाई म्हणत, म्हणून आता सगळी गल्लीच बाई म्हणत होती. पुरावेसाहेबांनी स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. मोरचूद एका पोत्यातलं, डिंक एका डब्यातला, आच तेवढीच.

"नाद विरायच्या आत म्हणजे किती वेळात?" वहीतून मान वर न करता बाईंनी विचारलं.

"लगेचच. दोन-तीन श्वास."

"मग ओतलंस कसं?"

"कसं म्हणजे? भसकन." त्यांनी हातानेच ओतून दाखवलं.

"आणि साधं पाणी?"

"ते नेहमीसारखं. थेंब थेंब."

बाईंचं पेन थांबलं. पुरावेसाहेबांचे पाय थांबले. चुलीवरचं दूध तेवढं थांबलं नाही, ते उतू गेलं.

"म्हणजे तू दोन गोष्टी एकदम बदललास," बाई म्हणाल्या. "पाणीही बदललंस आणि ओतायची पद्धतही. यासाठी मी सातवीतल्या पोरांचे मार्क कापते."

"पण थेंब थेंब सोडणं हीच बरोबर पद्धत आहे. घाईने रसायनं बिघडतात."

"कोणी सांगितलं?"

पुरावेसाहेबांनी तोंड उघडलं. ज्यांनी सांगितलं ते त्यांचे प्राध्यापक होते, आणि प्राध्यापकांना त्यांच्या प्राध्यापकांनी सांगितलं असणार. पुढचा प्रश्न काय असतो हे त्यांना कोणापेक्षाही चांगलं ठाऊक होतं. तो त्यांचाच प्रश्न होता.

"कधी भसकन ओतून बघितलंस?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"का?"

"पाटीवर लिहिलंय तसं नाही म्हणून."

"पाटी कोणी लिहिली?"

पुरावेसाहेब ओटा पुसू लागले.

दुसऱ्या दिवशी ते कारखान्यात सगळ्यांच्या आधी पोचले. नळाचं गाळलेलं पाणी, ज्याला कुठलाही नाद नव्हता आणि छंदही नव्हता, त्यात व्हिटॅमिन सी विरघळवलं आणि डोळे मिटून एका दमात ओतलं. निळं, हिरवं, पिवळं हे रंग कुठे आले न् कुठे गेले ते कळलंच नाही. काचेत थेट चॉकलेटचं दूध उभं राहिलं. खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण आपण इतके दिवस त्या भांड्याभोवती हात गुंफून फेऱ्या का मारत होतो, हे आठवून त्यांना आधी थोडं बसावं लागलं.

त्यांनी ताईला फोन केला. ताई म्हणाली, "माझ्यासमोर कर. आणि गुरुजींसमोर. पाठीमागे केलेलं मला चालत नाही."

नादगुरूंची पुढची बैठक कारखान्याच्या अंगणातच होती. ताईला दाजींनी हात धरून आणलं. तिने स्वेटरवर शाल घेतली होती. फलकावर पुरावेसाहेब तोंड उघडून उभे होते, आणि फलकाखाली पुरावेसाहेब घाम पुसत उभे होते. टेबलावर निळ्या पाण्याची दोन काचेची भांडी, खाली शेगडी.

"गुरुजी, पाणी जागं करा," पुरावेसाहेब म्हणाले.

नादगुरूंनी मनापासून केलं. पुढच्या दोन रांगा भिजल्या. त्या पाण्यात आंबट पाणी झालं, ते तोटीच्या नळीत भरलं, आणि पुरावेसाहेबांनी ताईला तोटी थोडीशी उघडायला सांगितली. थेंब पडू लागले.

"हे चालायचं नाही," नादगुरू म्हणाले. "नाद विरतोय. पाणी झोपेल."

"विरू दे. मग हे झोपलेलं पाणी, मान्य?"

"मान्य. मी आधीच सांगितलंय."

थेंब पडत राहिले. चमत्काराला आलेली गर्दी रसायनशास्त्र बघायला किती वेळ टिकते, याचा अंदाज पुरावेसाहेबांना व्याख्यानांमुळे होताच. दोघंतिघं खरोखरच पाण्याबरोबर झोपले. शेवटी भांड्याच्या तळाशी गुलाबी चकचकीत वाळू जमली.

"बघा, सांगितलं होतं की नाही?" नादगुरू लोकांकडे वळले. गर्दीने मान डोलावली.

"आता दुसरं," पुरावेसाहेब म्हणाले. "दाजी, आत जाऊन तुमच्या हाताने आपलं नेहमीचं गाळलेलं पाणी आणा. जे रोज वापरतो ते. गुरुजींनी त्याला हात लावायचा नाही, भांडं वाजवायचं नाही."

पाणी आलं. आंबट पाणी तयार झालं. पुरावेसाहेबांनी ते एका मगात भरून ताईच्या हातात दिलं.

"ओत, ताई. एकदम."

"एकदम? तू म्हणतोयस?" ताईने विचारलं.

भट्टीवरचा माणूस मागून म्हणाला, "साहेब, पाटी..."

"पाटी मी लिहिली होती," पुरावेसाहेब म्हणाले. "मला वाटलं म्हणून. ओत."

ताईने दोन्ही हातांनी मग उचलला आणि पालथा केला. भांड्यात ढगासारखं काहीतरी फिरलं, आणि बघता बघता सगळं चॉकलेटी झालं. पाच-सहा जण पुढे सरकले. दाजींनी काच वर धरून उजेडात बघितली. कण खाली बसायला तयार नव्हते.

"हे साधं पाणी होतं?" दाजींनी विचारलं.

"तुम्हीच आणलंत."

"मग बारीक कसं झालं?"

पुरावेसाहेबांनी "अतिसंपृक्त द्रावणातील केंद्रकनिर्मितीचा वेग" इथून सुरुवात केली. बाई शाळेतून रजा घेऊन आल्या होत्या. त्यांनी साहेबांच्या दंडाला हात लावून त्यांना बाजूला केलं.

"मधली सुट्टी आठवा," त्या म्हणाल्या. "पोरांना वर्गातून एकेक करून सोडलं तर काय होतं? पहिली दोघंतिघं मैदानात बसतात, मागून येणारा प्रत्येक जण त्यांनाच जाऊन मिळतो. शेवटी मोठा घोळका होतो. आणि घंटा वाजल्यावर सगळी एकदम सुटली तर? जो तो जागा मिळेल तिथे बसतो. मैदानभर छोटी छोटी टोळकी. तांब्याचंही तसंच आहे. थेंब थेंब सोडलं की नवं तांबं जुन्या कणांवर जाऊन चिकटतं, कण मोठे होतात. एकदम ओतलं की एकदम असंख्य कण सुरू होतात, आणि मग कोणालाच मोठं व्हायला तांबं उरत नाही. कण किती मोठे व्हायचे ते ओतण्याच्या वेगावर ठरलं. गुरुजींच्या अटीने फक्त घाई करायला लावली. आमच्या साहेबांनी ती कधी केली नव्हती."

नादगुरूंनी डोळे मिटले आणि उघडले. "शेजारी माझं भांडं होतं. जाग्या पाण्याचा नाद या पाण्यालाही लागला."

"शेजारच्याला लागला?" ताई म्हणाली. आवाज घोगरा होता, पण अंगणभर गेला. "मग पहिलं पाणी का झोपून राहिलं? ते तर तुमच्या भांड्यातच वाढलं होतं."

"माई, संशयी माणसाचा हात लागला की..."

"तोटी मी उघडली. मगही मीच पालथा केला. मी संशयी नव्हते, गुरुजी. मी तुमच्या भरवशावर गोळी सोडली."

नादगुरूंनी भांड्यातलं पाणी ओतून टाकलं, भांडं फडक्यात गुंडाळलं आणि आपल्याला दुसरीकडे बोलावणं आहे असं म्हणाले. जाताना फलक न्यायला विसरले. पुरावेसाहेबांनी तो स्वतःच उतरवला. उतरवताना जवळून पाहिलं तेव्हा आपले दात इतके पुढे आहेत हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

गर्दी हटेना, म्हणून शेवटी त्यांना दोन शब्द बोलावे लागले. या वेळी मुद्दे काढलेले नव्हते, त्यामुळे बरं जमलं.

"तुम्ही फसलात म्हणून मी हसणार नाही," ते म्हणाले. "तुम्ही माझ्या सहीवर फसलात, आणि मी माझ्या पाटीवर. तेव्हा माझ्यावरही आंधळा विश्वास ठेवू नका. कोणी पांढरे कपडे घातलेत की पांढरा कोट, ते बघू नका. कशाने तरी गुण आला असं कोणी सांगितलं की एकच विचारा, त्याच्याबरोबर आणखी काय काय बदललं होतं? मग एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा, आणि सगळ्यांसमोर बघा. पण आपल्या जिवावर बघू नका. औषध बंद करून प्रयोग करायचा नसतो. त्यासाठी तांबं आहे, ते तक्रार करत नाही."

ताईला तिथूनच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर जेवढं बोलायचं तेवढं बोलले, आणि ताईने ते मान खाली घालून ऐकून घेतलं. गोळी पुन्हा सुरू झाली. पुरावेसाहेब रोज सकाळी कारखान्यात जाण्याआधी तिच्याकडे जाऊ लागले, गोळी हातावर ठेवू लागले आणि ती गिळेपर्यंत समोर बसू लागले.

सूज उतरायला वेळ लागला. एका सकाळी ताई स्वेटरशिवाय ओट्यापाशी उभी होती आणि दाजींना कशावरून तरी झापत होती. पुरावेसाहेब दारातच थांबून ते झापणं ऐकत राहिले.

"बरं वाटतंय का?" त्यांनी विचारलं.

"वाटतंय. पण मला एक सांग. गोळी सुरू झाली तेव्हापासून तूही रोज येऊन बसतोस. आधी सहा-सहा महिने फिरकत नव्हतास. दोन गोष्टी एकदम बदलल्या. आता हा गुण गोळीचा की तुझा?"

पुरावेसाहेब उत्तर द्यायला सरसावले आणि थांबले. मग गोळीची पट्टी काढून त्यांनी तिच्यासमोर खुर्ची ओढली.

"पुढच्या आठवड्यात रक्त तपासलं की कळेल," ते म्हणाले. "तोवर दोन्ही चालू ठेवू."